आवाज कुठे उभा आहे

त्या रविवारी ती नेहमीसारखीच दुपारची जेवणं उरकल्यावर आईबाबांकडे गेली आणि नेहमीसारखीच बेल दाबण्याआधी दाराशी थबकली. आत रेकॉर्ड लागलेली असेल तर बेल वाजवायची नाही, बाजू संपेपर्यंत जिन्यातच उभं राहायचं, हा त्या घरातला कायदा तिच्या जन्माआधीचा होता. त्यातून कुणाचीच सुटका नसे. एकदा बाबांच्या कचेरीतले मोठे साहेब सपत्नीक भेटायला आले, तेव्हा आईनं दार उघडून ओठांवर बोट ठेवलं होतं, आणि साहेब बूट हातात घेऊन चोरपावलांनी आत येऊन एका गिटारवाल्याचं भलंमोठं आळवणं संपेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले होते. ही गोष्ट घरात अजून सांगितली जायची, आणि दर खेपेला साहेब थोडे जास्त जाडे होत. तिनं डोकं कलतं करून डावा कान दाराला लावला. आत सामसूम होती. तेवढ्यात आईनंच दार उघडलं. ये म्हणाली, अजून लावलेली नाहीये, तुझ्यावाचून अडलंय त्यांचं, सकाळपासून ती तबकडी पुसपुसून झिजवली, एवढं मला कधी विचारलं असतं तर. पुढचं तिला ऐकू आलं नाही, कारण आई बोलता बोलता तिच्या उजव्या बाजूनं आत निघून गेली. पण ते वाक्य तिला लहानपणापासून पाठ होतं.

बाबांचा डावा कान ते शाळेत असताना गालगुंडात गेला. एका कानाच्या माणसाला ऐकू सगळं येतं, फक्त ते कुठून येतं ते कळत नाही, हे दोन कानांच्या जगाला समजावता समजावता ते म्हातारे झाले. आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली की ते लगबगीनं गॅलरीत जाऊन खाली वाकून बघत. रस्त्यात भोंगा वाजला की जागच्या जागी गिरकी घेत, आणि बहुतेक वेळा तोंड नेमकं उलट्या दिशेला करून उभे राहत. आई आयुष्यभर त्यांच्या उजव्या हाताला चालली. नवरा मुठीत राहावा म्हणून नाही, गाडीखाली जाऊ नये म्हणून, असं ती म्हणे. आणि पोटाचा धंदा काय, तर भूमापकाचा. तिवईवर दुर्बीण लावायची, एक डोळा मिटायचा आणि लांब काठी धरून उभ्या असलेल्या माणसाला हातानं खुणा करायच्या: थोडा डावीकडे, अजून, बस. कुणाच्या जमिनीचा कोपरा कुठे संपतो ते हा माणूस बोटाच्या पेराइतकंही चुकू देत नसे. जमिनीवरची प्रत्येक वस्तू कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. आवाज मात्र सगळे एकाच ठिकाणी उभे असत, गर्दीत माणसं उभी असतात तसे, एकमेकांच्या अंगावर.

अशा माणसाला नाद लागावा तो कसला, तर साठ-सत्तर सालांमधल्या रॉक अल्बमांचा. त्या काळी दोन स्पीकरांची नवलाई होती. नवं खेळणं हातात आलेल्या पोरासारखे ते वाजवणारे बहकले होते. ढोल सगळे डावीकडे, गाणारा एकटा उजवीकडे. पुढे पुढे तर आवाज चालायलाच लागले. गिटार या भिंतीतून निघायची, खोली ओलांडायची आणि त्या भिंतीत शिरायची. हे सगळं बाबांनी वाचलं होतं, मित्रांकडून ऐकलं होतं, ऐकू मात्र कधी आलं नव्हतं. एका दुपारी, ती पहिलीत-दुसरीत असेल, त्यांनी तिला आपल्या डाव्या बाजूला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, बोलायचं नाही, फक्त बोट वर धर आणि आवाज जिथे उभा आहे तिकडे ने. तिनं बोट धरलं. ऑर्गन डावीकडे होता, बोट डावीकडे गेलं. गिटार निघाली, मधोमध आली, बोट मधोमध आलं. बाबा स्पीकरकडे नाही, तिच्या बोटाकडे बघत होते. बोट उजव्या टोकाला पोचलं तेव्हा त्यांनी तोंडानं ‘हाः’ असा आवाज केला, फार दिवस अडलेली फळी एकदाची सरकल्यासारखा. त्या दिवसापासून ते तिला ‘डाव्या’ म्हणायला लागले. ए डाव्या, आज वेळ आहे का. घरात आलेल्या पाहुण्यांना हे नाव विचित्र वाटे. तिला पुष्कळ वर्षं ते आपलं खरं नाव असल्यासारखं वाटलं.

त्यांच्या रेकॉर्डींचे दोन कप्पे होते. खालच्या कप्प्यातल्या चैनीच्या, आणि वरच्यातल्या पोटापुरत्या. जगायला एवढ्या पुरेत, असं ते वरच्या कप्प्याबद्दल म्हणत. बाकीचं सगळं मिळालं तर ठीक, नाही तर माणूस काही मरत नाही. पोटापुरत्या कप्प्यात कोण राहील आणि कुणाची खाली हकालपट्टी होईल यावर त्यांचा स्वतःशीच वाद चाले. एखादी तबकडी दहा वर्षं वर राहून अचानक खाली यायची. का, विचारलं तर म्हणत, हिच्यात आता मला फक्त तिची अक्कल ऐकू येते. इंग्रजी नावं घरात कुणी घेत नसे. वेष्टनावरच्या चित्रावरून ‘गहू’, ‘ओला कुत्रा’, ‘जिन्यावरची बाई’, ‘काहीच नाही’. ‘काहीच नाही’चं वेष्टन नुसतं करडं होतं. तिच्या दुसऱ्या बाजूवर एकच गाणं होतं, पूर्ण बाजूभर, त्यात मधे एक गिटार तीनदा खोली ओलांडायची आणि चौथ्यांदा निघाल्यासारखं करून मधेच थांबायची. बोट मधे थांबलं की बाबांच्या डोळ्यांत दर वेळी तेच आश्चर्य यायचं. तिनं पुढे पुष्कळ वाचलं, चांगले प्राध्यापक ऐकले, पण एखादी गोष्ट पूर्ण माहीत असून तिचं आश्चर्य वाटत राहणं तिला दुसऱ्या कुणात दिसलं नाही. तिला स्वतःला ते संगीत आवडतं की नाही हा प्रश्नच कधी आला नव्हता. काठी धरून उभ्या असलेल्या माणसाला काठी आवडते का, असं कुणी विचारत नाही.

तिचा उजवा कान गेला तो काही समारंभानं गेला नाही. ती शालेय पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनात मुद्रितं तपासायची. एका सकाळी टेबलावरचा फोन वाजला, तिनं सवयीनं उजव्या कानाला लावला, आणि पलीकडे कुणीच नव्हतं. तिनं दोनदा हॅलो म्हणून ठेवून दिला. पुन्हा वाजला, पुन्हा कुणी नाही. तिनं फोन दुरुस्त करणाऱ्याला बोलावून चार शब्द सुनावले. त्यानं रिसीव्हर कानाला लावला, तिच्याकडे बघितलं आणि फार सभ्यपणे म्हणाला, बाई, हा तर छान चालू आहे. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. नस गेली आहे, म्हणाल्या, कधी कधी जाते अशी, कारण सापडत नाही, परत येत नाही. घरात कुणाला आहे का? तिनं वडिलांचं सांगितलं. त्यांनी गालगुंडाचं ऐकलं आणि मान हलवली. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. बाहेर येताना तिला विचित्र वाईट वाटलं. कान गेल्याचं नव्हे, तो बाबांकडून न आल्याचं. निदान वारसा असता तर.

तेव्हापासून बैठकीत ती अशी खुर्ची पकडायची की सगळी माणसं डावीकडे येतील. उपाहारगृहात भिंतीशी बसायची. रस्ता ओलांडताना मोटार कुठून येतेय ते कळेनासं झालं, सगळं शहर डाव्या बाजूला येऊन गर्दी करून उभं राहिलं, आणि बाबांची ती गिरकी तिच्या अंगात आपोआप आली. घरी एकटीच असल्यामुळे तिथे काही सोंग करावं लागत नव्हतं. एकाच माणसाला सांगण्यासारखं होतं. ज्याला ‘म्हणजे काय’ असं विचारावं लागलं नसतं असा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता. आणि त्यालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी काही म्हणो, ते त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं असतं. शिवाय बोट थांबलं असतं. म्हणून ती दर रविवारी जाऊन डाव्या बाजूच्या स्टुलावर बसत राहिली आणि पाठांतरावर बोट फिरवत राहिली. पोटापुरत्यांपैकी एकही तिला पाठ नव्हती असं नव्हतं. ती बसली की तिचा मेलेला कान बाबांकडे आणि त्यांचा मेलेला कान तिच्याकडे. मधे वीतभर जागा, आणि त्या जागेत काहीच नाही.

त्या रविवारी ती ठरवूनच आली होती. आज सांगायचं. पण ‘काहीच नाही’ आधीच तबकावर चढलेली होती. पहिली बाजू झाली, ती उलटताना बाबांनी घरमालक, गुडघा आणि न्हाव्याकडे उद्या जायला हवं या विषयांवर थोडं थोडं बोलून घेतलं, ब्रश फिरवला, आणि तिनं तोंड उघडायच्या आत सुई ठेवली. ती मनात म्हणाली, बाजू संपल्यावर. बोट वर धरलं. गिटार निघायची वेळ झाली, तिनं ती बोटानं नेली. एकदा, दोनदा. खिडकीतून ऊन स्टुलाच्या पायाशी आलं होतं, आई चहाचे पेले घेऊन दारात थांबली होती, बाजू संपायची वाट बघत. तिसऱ्या खेपेला बोट मधोमध असताना तिला बाजूला हालचाल जाणवली. तिनं मान वळवली तेव्हा बाबांचे ओठ मिटत होते. ते काहीतरी बोलले होते. रेकॉर्ड चालू असताना. आयुष्यात पहिल्यांदा. ते तिच्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघणारा माणूस बघतो तसे, आणि मागून ढोल भिंत पाडायला निघाल्यासारखे वाजत होते. ती ‘हो’ म्हणाली. बाबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी मान हलवली, तिच्या गुडघ्यावर थोपटलं आणि पुन्हा बोटाकडे बघायला लागले. मग शेजारचे कुणीतरी किल्ली मागायला आले, चहा झाला, संध्याकाळ झाली, आणि ती पुढच्या रविवारी सांगू असं म्हणत जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी ते न्हाव्याच्या खुर्चीत गेले. मानेभोवती पांढरं कापड, अर्धे केस कापलेले. न्हाव्याला वाटलं डुलकी लागली, तो हळू हातानं कापत राहिला. त्यानं दुसरी बाजूसुद्धा नीट पुरी केली आणि मग उठवायला गेला. नंतर तो घरी येऊन रडला. मी त्यांच्याशी बोलत होतो हो, म्हणाला, पण त्या बाजूनं बोललं की ते उत्तर देत नसत, म्हणून मला काही वाटलं नाही. आई त्याला म्हणाली, तुमचं काही चुकलं नाही, आमचंही असंच व्हायचं. बाबांना शेवटचं बघताना लेकीच्या मनात फक्त एवढंच आलं की केस फार छान कापलेत.

त्यानंतर तिच्या दिवसांत ते न ऐकलेलं वाक्य शिरलं. मुद्रितं वाचता वाचता, दात घासताना, दिव्याच्या खांबाशी सिग्नल बदलायची वाट बघताना ते ओठ मिटायचे आणि ती ‘हो’ म्हणायची. काय असेल? चहात साखर कमी टाकायला सांग आईला, असंही असेल. पण त्यासाठी ते रेकॉर्डवर बोलले नसते. त्यांचे साहेब भिंतीशी ताटकळले, तिच्या नोकरीची तार आली तेव्हा तारवाला जिन्यात थांबला, आणि हा माणूस स्वतःचा कायदा मोडून बोलला, ते साखरेसाठी नव्हे. काही दिवस तिनं एक उत्तर धरून ठेवलं: त्यांनी विचारलं असेल, डाव्या, तुझाही एक कान गेलाय ना गं? एका कानाच्या माणसाला दुसरा ओळखू येणारच. मान कशी वळते, दाराशी कुठला कान लावला जातो. असं असेल तर ती ‘हो’ म्हणाली होती. म्हणजे सांगून झालं होतं, आणि त्यांनी थोपटलं होतं. या कल्पनेवर ती कितीतरी रात्री शांत झोपली. डाव्या कुशीवर झोपलं की जग पूर्ण बंद व्हायचं.

ते उत्तर आईनं मोडलं, तिला पत्ताही नसताना. आईला तीन जिने झेपत नव्हते, तिनं मुलीकडे राहायला यायचं हे दोघींनी फार चर्चा न करता ठरवलं होतं. मुलीकडे दोन खोल्या, त्यातली एक पुस्तकांनी भरलेली. सामानाचं बोलणं निघालं तेव्हा तिनं कपाटं, भांडी, पलंग असं करत करत विषय रेकॉर्डींपर्यंत आणला. आई ओट्याशी पाठमोरी होती. ती म्हणाली, “त्याचं मला कशाला विचारतेस? तू त्यांना कबूल केलंयस ना, मग तसं कर. मी माझ्या कानांनी ऐकलंय तू हो म्हणताना.” आवाजात राग नव्हता, थोडं कौतुकच होतं, थोडा मत्सर. म्हणजे ते रेकॉर्डींबद्दल होतं. तिनं काहीतरी करायचं कबूल केलं होतं. ठेवीन? विकीन? कुणाला तरी देईन? तुझ्या घरी ने, असं म्हणाले, की माझ्यामागे हे ओझं वागवत बसू नकोस, असं? दोन्ही त्यांना शोभण्यासारखं होतं. आईला विचारायला एका वाक्याचं अंतर होतं. पण विचारायचं म्हणजे आधी सांगायचं की मी ऐकलं नाही, आणि का ऐकलं नाही. मग आई मागे मागे जाणार, सगळे रविवार मोजणार, बोट आठवणार. त्यांचं शेवटचं सुख नुसतं सोंग होतं, असं तिनं विधवा झालेल्या बाईला कसं सांगायचं? तेव्हा तिनं भित्रा माणूस करतो तेच केलं, एक निर्णय घेतला आणि त्याला व्यवहार म्हटलं. जुन्या रेकॉर्डी घेणाऱ्याला फोन करून सांगितलं, नुसतं बघून जा. आईला कळवलं. आई फक्त म्हणाली, “बरं.” त्या ‘बरं’चा अर्थ लावण्यात तिचा आठवडा गेला.

रेकॉर्डवाला जाडजूड, हसतमुख, सतत बोलणारा गृहस्थ निघाला. आल्या आल्या त्यानं गुडघ्यांना शिव्या दिल्या, खालच्या कप्प्यापाशी फतकल मारली आणि एकेक वेष्टन बाहेर काढून नाकाशी नेऊन वास घेत सुटला. बुरशी नाही, म्हणाला, बाई, तुमच्या वडिलांनी बायकोपेक्षा जास्त जपल्यात. आई दारातून म्हणाली, ते आम्हाला माहीत आहे. तो ओशाळून हसला. वरच्या कप्प्याकडे हात गेला तसा तो हळू झाला. बोलणं कमी झालं. ‘ओला कुत्रा’ त्यानं बराच वेळ हातात धरला आणि परत जिथल्या तिथे ठेवला, त्यामुळे तिला तो आवडला. मग म्हणाला, यंत्रही द्यायचंय का? चालवून बघू? तिनं आईकडे बघितलं, आईनं खिडकीकडे. तो उत्तराला थांबलाच नाही, हाताला आली ती ‘काहीच नाही’ लावली, दुसरी बाजू वर करून. बाबांची वेताची खुर्ची रिकामी होती. तो तीत बसला नाही, दोन स्पीकरांच्या मधे उभा राहिला, डोळे मिटून, मान इकडून तिकडे हलवत. खोली भरली. इतक्या आठवड्यांनी. तिला वाटलं होतं आपल्याला सहन होणार नाही; पण तिला फक्त तहान लागली.

गिटार निघाली. तिचं बोट साडीच्या निरीआड आपोआप हललं. रेकॉर्डवाल्यानं डोळे उघडले, भुवया उंचावल्या, वाकून यंत्राच्या पुढच्या पट्टीकडे बघितलं आणि एक छोटं बटण दाबलं. “हे मोनोवर आहे की,” तो म्हणाला. आईनं विचारलं, म्हणजे काय? तर म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येतो, वहिनी. काही जात नाही, सगळं ऐकू येतं, पण आवाज जागचा हलत नाही. सगळं मधोमध गोळा होऊन बसतं. असली रेकॉर्ड मोनोवर ऐकायची म्हणजे झोपाळ्यावर बसून झोके न घेणं. आता बघा, असं म्हणून त्यानं हात पसरले, आणि आईची मान, दोन कान शाबूत असलेली मान, आपोआप डावीकडून उजवीकडे वळत गेली. मोनोचं बटण आधी कुणी दाबलं असेल? आईला आठवलं. घराला रंग दिला तेव्हा हे सगळं हलवलं होतं, रंगाचे शिंतोडे तिनंच ओल्या फडक्यानं घासून काढले होते, पट्टीवरूनसुद्धा. उन्हाळ्यात. तेव्हापासून असंच असणार, रेकॉर्डवाला म्हणाला, नवल आहे, साहेबांसारख्या शौकिनाच्या लक्षात आलं नाही ते.

“त्यांना एकच कान होता,” आई म्हणाली. “त्यांना कळायचं नाही. पण ही तर...”

रेकॉर्डवाला चुळबुळला, मग त्याला खालच्या कप्प्यात काहीतरी तातडीनं बघण्यासारखं दिसलं. आई तिच्याकडे बघत होती. उन्हाळ्यापासूनचे सगळे रविवार त्या नजरेतून एकामागून एक जात होते, प्रत्येकात एक खुर्ची, एक स्टूल, आणि हवेत उचललेलं बोट, जागच्या जागी उभ्या असलेल्या आवाजाला इकडून तिकडे नेणारं. तिला वाटलं होतं हा क्षण आला तर लाज वाटेल. पण तिला दिसलं ते वेगळंच. आवाज हलत नव्हता, हलला असता तरी तिला कळलं नसतं आणि त्यांनाही, आणि तरी बोट मधे थांबलं की त्यांच्या डोळ्यांत ते यायचंच. दोघांनी मिळून काहीच नसलेलं काहीतरी ऐकलं होतं. खोलीत ढोल सुरू झाले. रेकॉर्डवाला ‘पोटापुरत्या’ एका खोक्यात उभ्या लावायला लागला होता, हळू हातानं, कुणाला दुखू नये तसा. आईनं त्याच्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे, आणि तिचे ओठ हलले. ती तिच्या उजवीकडे उभी होती. काही शब्द होते, चार-पाच असतील. ‘हो’ म्हणता आलं असतं. तोंडात तयार होतं.

तिनं पुढे होऊन सुई उचलली. बाजू संपली नव्हती. आवाज एकदम तुटला, आणि खोक्यावरचे हात थांबले.

“आई,” ती म्हणाली, “मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. गेल्या हिवाळ्यापासून. तू आत्ता काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही, आणि त्या दिवशी बाबा काय म्हणाले तेही मला ऐकू आलं नव्हतं. मी नुसतं हो म्हटलं.”